तोळामाशाचा जीव, पटाशीचे दात

सोनाराच्या जुन्या हिशेबात आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा. आजच्या मापात तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. पाळीव रॅटचं नुकतं जन्मलेलं पिल्लू ५ ते ६ ग्रॅमचं असतं, म्हणजे जेमतेम अर्ध्या तोळ्याचं. ‘तोळामासा प्रकृती’ असं आपण अशक्त माणसाबद्दल म्हणतो. या पिल्लांच्या बाबतीत ते काट्यावर ठेवून दाखवता येतं.

आमच्या घरी असं एक पिल्लू वाढलं. भाच्याने दुकानातून ‘दोन बहिणी’ म्हणून आणलेल्या रॅटपैकी एक गाभण निघाली. तिला आठ पिल्लं झाली आणि सातव्या दिवशी ती श्वासाच्या दुखण्याने गेली. आठांपैकी तीन जगली. त्यातली सगळ्यात लहान मादी बाराव्या दिवशी बरोबर एक तोळा भरली. त्या वयाचं धडधाकट पिल्लू याच्या दुप्पट असतं. तिचं नाव गुंजी पडलं. दुधाचे दिवस तिने कसेबसे काढले, आणि दूध सुटायच्या वेळी लक्षात आलं की तिचे वरचे आणि खालचे दात एकमेकांना भेटतच नाहीत.

अशा वेळी सल्ले भरपूर मिळतात आणि ते एकमेकांना छेद देतात. गाईचं दूध पाजा. गाईचं दूध अजिबात नको. दात नेलकटरने कापून टाका; दातांना हात लावू नका, लाकूड द्या, आपोआप झिजतील. प्रयोगशाळांमधलं संशोधन, पशुवैद्यांची पद्धत आणि रॅट पाळणाऱ्यांचा अनुभव, या तिन्हींतून जे पक्कं हाती लागतं ते एका जागी मांडावं, म्हणून हा लेख. दूध आणि दात हे मला एकाच प्रश्नाचे दोन भाग वाटतात. हा प्राणी फार वेगाने जगतो, आणि त्याचं दुखणं आपल्या कानांवर पडत नाही. तीन आठवड्यांचा गर्भकाळ, तीन आठवड्यांचं दूधपितं वय, दोन-तीन वर्षांचं आयुष्य. आपला एक दिवस म्हणजे त्याच्या बालपणाचा फार मोठा तुकडा. ‘उद्या बघू’ म्हणायला इथे जागाच नसते.

आधी प्राणी कोणता ते स्पष्ट करायला हवं, कारण मराठीत ‘उंदीर’ हा एकच शब्द घरातल्या चिमुकल्या उंदरालाही चालतो आणि चांगल्या वीतभर अंगाच्या रॅटलाही. घूस हा तिसराच प्राणी. डॉक्टरांना फोनवर नुसतं ‘उंदराचं पिल्लू’ सांगितलं की औषधाचं प्रमाण चुकू शकतं. पाळीव रॅट म्हणजे तपकिरी उंदीर, शास्त्रीय नाव रॅटस नॉर्वेजिकस. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये जॅक ब्लॅक नावाचा उंदीर पकडणारा निराळ्या रंगाचे उंदीर न मारता बाजूला ठेवून त्यांची पैदास करत असे. १९०१ साली मेरी डग्लस यांच्या आग्रहामुळे इंग्लंडमधल्या एलसबरीच्या प्रदर्शनात रॅटना पहिल्यांदा जागा मिळाली. त्याच सुमारास अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत प्रयोगशाळेसाठीचा पांढरा रॅट तयार होत होता. आज रॅटच्या पिल्लाबद्दल आपल्याला जे नेमकं ठाऊक आहे, त्यातलं बहुतेक त्या पांढऱ्या रॅटच्या असंख्य पिढ्यांवर झालेल्या प्रयोगांतून आलं आहे. हे ऋण मला पिल्लांच्या वजनाची वही लिहिताना सतत जाणवत असे.

आपल्याकडे या प्राण्याची आठवण वेगळी आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, आणि पुढे परळच्या प्रयोगशाळेत उंदीर, पिसवा आणि प्लेग यांची साखळी तपासली गेली. त्याच परळमध्ये १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. पण पशुवैद्यकीचा कणा गाई-म्हशी, शेळ्या, घोडे आणि नंतर कुत्री-मांजरी हाच राहिला. रॅटवर उपचार करणारे डॉक्टर मोठ्या शहरांतसुद्धा शोधावे लागतात. पिल्लू आजारी पडण्याआधी हा शोध संपलेला असला पाहिजे.

आई नसलेल्या पिल्लासाठी सगळ्यात चांगला उपाय म्हणजे दुसरी बाळंतीण रॅट. यावर तिन्ही बाजूंचं एकमत आहे. रॅटच्या माद्या दुसरीची पिल्लं सहसा सहज स्वीकारतात. एकत्र राहणाऱ्या माद्या एकमेकींच्या पिल्लांना पाजतातही. वयात फार फरक नसावा, आणि नव्या पिल्लाला तिच्या घरट्यातल्या चिंध्यांत थोडा वेळ घोळवून तिचा वास लावून घ्यावा, एवढंच पथ्य. माणसाच्या हाताने वाढवणं हा शेवटचा पर्याय. आम्हीही आधी ओळखीपाळखीत बाळंतीण रॅट शोधली. मिळाली नाही, म्हणून सिरिंज हातात घेतली.

हाताने वाढवायचं तर दुधाच्याही आधी ऊब. जन्मलेलं पिल्लू उघडं, गुलाबी, डोळे-कान बंद असं असतं आणि स्वतःचं तापमान टिकवू शकत नाही. भावंडांच्या ढिगात आणि आईच्या पोटाखाली ते उबदार राहतं. ते सगळं गेलं की पहिल्या आठवड्यात अंथरुणाचं तापमान ३२ ते ३५ अंशांच्या आसपास लागतं; अंगावर केस आले, डोळे उघडले की हळूहळू कमी करता येतं. शेक डब्याच्या निम्म्या भागालाच द्यायचा, म्हणजे गरम झालं तर पिल्लाला सरकायला जागा राहते. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजणं ही नवख्यांकडून होणारी सर्वात घातक चूक. थंड शरीरात आतडी चालत नाहीत आणि दूध पोटात तसंच कुजतं. आधी तळहातात धरून सावकाश गरम करायचं, मग पाजायचं. वीज गेली तर म्हणून गरम पाण्याची बाटली आणि जुना सुती कपडा डब्याशेजारी कायम तयार हवा.

आता दूध. घरात कुणी वडीलधारं असलं की पहिला सल्ला गाईच्या दुधाचा येतो, आणि तो मायेपोटीच येतो. पण आकडे पाहिले की अडचण कळते. गाईच्या दुधात स्निग्धांश साधारण ४ टक्के आणि दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, ५ टक्क्यांच्या जवळपास. रॅटच्या दुधात स्निग्धांश १० टक्क्यांच्या वर, प्रथिनं गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त आणि लॅक्टोज मात्र कमी, ३ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पिल्लाच्या दृष्टीने गाईचं दूध पातळही आणि नको तितकं गोडही. म्हशीचं दूध दाट असलं तरी त्यातही लॅक्टोज जास्तच. पोट एवढंसं असल्यामुळे पातळ दूध जास्त पाजून भरपाई करता येत नाही. उलट हगवण लागते. म्हणून मांजरीच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडर हा सध्याचा सर्वात बरा पर्याय. ती रात्री अकरा वाजता मिळाली नाही तर तान्ह्या बाळाची पावडर किंवा शेळीचं दूध यावर एखाद-दुसरा दिवस निभावतं, पण तो तात्पुरताच उपाय समजावा.

किती पाजायचं, यासाठी अनाथ पिल्लं वाढवणारे लोक एक ढोबळ हिशेब धरतात: एका वेळी वजनाच्या ५ टक्क्यांपर्यंत. सहा ग्रॅमच्या पिल्लाला ०.३ मिलिलिटर, म्हणजे सहा थेंब. पहिल्या आठवड्यात दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. मग तीन, मग चार तासांनी. कोवळ्या पिल्लाची कातडी इतकी पातळ असते की पाजल्यावर पोटाच्या डाव्या बाजूला दुधाची पांढरी पट्टी बाहेरून दिसते. ती पट्टी दिसली की पोट भरलं.

सगळ्यात जास्त पिल्लं भुकेने जात नाहीत, ठसक्याने जातात. रॅट नाकानेच श्वास घेतो. दुधाचा थेंब मोठा झाला, पिल्लू उताणं धरलं किंवा घाई केली की दूध नाकात आणि तिथून फुप्फुसात जातं आणि दोन दिवसांत न्यूमोनिया होतो. आपल्या बाळाला बोंडल्याने मांडीवर आडवं घेऊन पाजायची सवय असलेल्या हातांना हे मुद्दाम विसरावं लागतं. पिल्लू पोटावर, डोकं किंचित वर, जसं ते आईखाली असतं तसं धरायचं. सिरिंजपेक्षा बारीक रंगाचा ब्रश मला जास्त भरवशाचा वाटला. ब्रशच्या टोकावर जेवढं दूध राहतं तेवढंच पिल्लू चाटतं, आणि वेग त्याच्या हातात राहतो. सिरिंजचा दट्ट्या कधी अडकतो आणि मग एकदम पुढे सरकतो. आमचं एक पिल्लू असंच गेलं, आणि तो दट्ट्या दाबणारा अंगठा माझाच होता. दूध नाकातून वारंवार येत असेल, सावकाश पाजूनही येत असेल, तर टाळू फाटलेली आहे का हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावं. तोंडाचं दुखणं दरवेळी दातांपासूनच सुरू होतं असं नाही.

पाजून झालं की काम निम्मंच झालं. ही पिल्लं स्वतः लघवी करू शकत नाहीत. आई पोटाखालचा भाग चाटते तेव्हा ती होते, आणि ते पाणी आई गिळते. दुधातून गेलेलं पाणी तिच्या शरीरात परत येतं. माणसाने हे काम कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाने करायचं, प्रत्येक वेळी, डोळे उघडून पिल्लू फिरायला लागेपर्यंत. हे ठाऊक नसल्यामुळे व्यवस्थित दूध पिणारी पिल्लंही दगावतात.

आईच्या चाटण्यात याहून बरंच काही असतं, आणि इथे प्रयोगशाळेतला भाग मला सर्वात श्रीमंत वाटतो. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात सॉल शॅनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९७० आणि ८०च्या दशकांत दिसलं की आईपासून दूर केलेल्या पिल्लांच्या शरीरातली वाढीची रसायनं लगेच घटतात. दूध देऊनही ती वर येत नाहीत. पण ओल्या ब्रशने त्यांना जोराने, आईच्या जिभेसारखं घासलं की पूर्ववत होतात. या कामाचा धागा धरून टिफनी फील्ड यांनी मुदतपूर्व जन्मलेल्या मानवी बाळांना मालिश करून पाहिली. १९८६ साली छापलेल्या त्या अभ्यासात मालिश झालेल्या बाळांचं रोजचं वजन इतरांपेक्षा ४७ टक्के जास्त वाढलं होतं. ज्या घरात बाळ-बाळंतिणीला तेल लावायला बाई येते, तिथे हे वाचणाऱ्याला ओळखीचंच वाटेल. तरीही ते सिद्ध करायची वाट अर्ध्या तोळ्याच्या पिल्लांवरून गेली, याचं मला अजून नवल वाटतं.

१९७५ साली डब्ल्यू. जी. हॉल यांनी आईशिवाय पिल्लं वाढवायची एक पद्धत मांडली. प्रत्येक पिल्लू वेगळ्या कपात, कप कोमट पाण्यावर तरंगते, आणि बारीक नळीतून दूध थेट पोटात. पिल्लं जगत, वजनंही धरत. पण टोरांटो विद्यापीठात ॲलिसन फ्लेमिंग यांच्या गटाला पुढे दिसलं की अशा वाढलेल्या माद्या स्वतः आई झाल्या की आपल्या पिल्लांना कमी चाटतात. आणि ज्यांना लहानपणी ब्रशने भरपूर घासलं होतं त्यांच्यात ही उणीव काही अंशी भरून निघते. मॉन्ट्रियलच्या मॅगिल विद्यापीठात मायकेल मीनी यांनी १९९७ मध्ये दाखवलं की भरपूर चाटल्या गेलेल्या पिल्लांचं शरीर मोठेपणी ताणाला जास्त संयमाने तोंड देतं. घरी पिल्लू वाढवणाऱ्यासाठी याचा अर्थ सरळ आहे: दूध पाजून लगेच डब्यात ठेवू नका. ओल्या मऊ ब्रशने पाठ, बगला, पोट दोन-तीन मिनिटं घासा. गुंजी पाजताना चुळबुळ करायची. घासायला लागलं की चारही पाय पसरून निपचित पडायची, आणि सुरुवातीला मी दोनदा घाबरून तिचा श्वास तपासला होता.

एकटं पडलेलं पिल्लू रडतं. पण ते रडणं साधारण ४० किलोहर्ट्झच्या आसपासचं असतं, आणि माणसाचा कान २० च्या पुढे ऐकत नाही. आपल्या उशाशी डब्यात पिल्लू रात्रभर टाहो फोडत असू शकतं आणि खोली शांत असते. मोठ्या रॅटचं दुखणंही असंच गुपचूप असतं. जंगलात दुखणं दाखवणारा आधी मारला जातो. २०११ साली रॅटच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची मोजपट्टी तयार झाली: मिचमिचे झालेले डोळे, चपटं पडलेलं नाक आणि गाल, दुमडून पुढे किंवा बाहेर वळलेले कान, ताठरलेल्या मिशा. डोळ्या-नाकाभोवती लालसर स्राव दिसतो तोही ताणाचा इशारा असतो; लोक त्याला रक्त समजून हादरतात. पण या सगळ्याच्या आधी जे बदलतं ते वजन. म्हणून दागिने तोलायचा, ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा हे मला या कामातलं सर्वात मोलाचं साधन वाटतं. जे कानाला ऐकू येत नाही ते काटा सांगतो. रोज एकाच वेळी, पाजण्याआधी वजन, आणि वहीत नोंद.

गुंजीच्या वहीत २३व्या दिवशी ३८.४ लिहिलं आहे, २४व्या दिवशी ३७.९, २५व्या दिवशी ३६.६. तिच्या दोन भावांचे आकडे चढत होते. ती भिजवलेल्या खाण्याकडे धावत जायची, तुकडा दोन हातांत धरायची, तोंडाशी न्यायची, आणि तो पडायचा. परत उचलायची. हनुवटीखालचे केस ओले असायचे.

मराठीत समोरच्या दातांना पटाशीचे दात म्हणतात, सुताराच्या पटाशीवरून. रॅटच्या दाताला हे नाव माणसाच्या दातापेक्षा जास्त शोभतं. त्याला एकूण १६ दात: पुढे पटाशीचे चार, मागे बारा दाढा, मध्ये रिकामी जागा, सुळे नाहीतच. पटाशीच्या दाताला कठीण इनॅमल फक्त पुढच्या बाजूला असतं, मागे मऊ डेंटिन. मागचा भाग लवकर झिजतो, पुढचा उशिरा, आणि त्यामुळे धार आपोआप राहते. सुतार पटाशीला एकाच बाजूने उतार देतो तोच हिशेब. इनॅमलमध्ये लोह असल्याने मोठ्या रॅटचे दात पिवळे-नारिंगी दिसतात, वरचे खालच्यांपेक्षा गडद. पिल्लाचे पांढरे असतात, त्यात काळजीचं काही नाही. खालचे दात वरच्यांपेक्षा बरेच लांब असतात आणि जबड्याचे दोन भाग पुढे पक्के जुळलेले नसल्याने किंचित फाकतात, तेही नेहमीचंच. नवे पाळणारे हेच पाहून ‘दात वाढले’ म्हणून घाबरतात.

पटाशीचे दात आठव्या ते दहाव्या दिवशी हिरडीतून डोकावतात आणि मरेपर्यंत वाढत राहतात, आठवड्याला साधारण २ ते ३ मिलिमीटर. म्हणजे वर्षाला दहा सेंटिमीटरहून जास्त. हे सगळं रोज झिजायला हवं, आणि मुख्यतः ते झिजतं दातावर दात घासून. रॅट निवांत असला की बारीक करकर आवाज करत दात घासतो, आणि जबड्याचा स्नायू डोळ्यामागून जात असल्याने त्याचे डोळे त्या तालावर आत-बाहेर होतात. म्हणून ‘लाकूड द्या, झिजतील’ हा सल्ला निरोगी रॅटसाठी ठीक असला तरी ज्याचे दात समोरासमोर येत नाहीत त्याला उपयोगाचा नाही. लाकूड धरायला वरचा आणि खालचा दात एका रेषेत हवा. तो नसेल तर वरचे दात आत वळत टाळूत रुततात आणि खालचे वर चढत नाकाकडे जातात. अन्नाने भरलेल्या वाटीसमोर प्राणी उपाशी मरतो.

दात का जुळत नाहीत, याची कारणं वेगवेगळी. काहींचा जबडाच जन्मतः आखूड किंवा तिरका असतो. काहींना पडल्याने, पिंजऱ्याची सळई चावल्याने मार लागतो. मोठ्या वयात मुळाशी पू होतो किंवा गाठ वाढते. गुंजीचं नाक समोरून पाहिलं की डावीकडे किंचित वळलेलं दिसायचं. जन्मजात दोष पुढच्या पिढीत जाऊ शकतो, त्यामुळे अशा रॅटपासून पिल्लं घेऊ नयेत. तिच्या भावांचे दात सरळ होते, तरी आम्ही त्यांनाही तिच्यापासून चौथ्या आठवड्यातच वेगळं केलं, कारण रॅट पाच-सहा आठवड्यांतच माजावर येतात.

उपचारांबाबत मतभेद आहेत, आणि इथे मी ठाम बाजू घेते. नेलकटर किंवा कात्रीने दात कापणं अजूनही चालतं. झटकन होतं, भूल लागत नाही, पैसे लागत नाहीत. पण कापताना दात दाबला जातो आणि उभा चिरू शकतो. चीर मुळापर्यंत गेली की आतला जिवंत गर उघडा पडतो, जंतू शिरतात, आणि मूळ जबड्यात खोलवर असल्यामुळे तो पू लवकर लक्षातही येत नाही. दंतवैद्याच्या फिरत्या बरने घासून दात आखूड करणं हीच बरी पद्धत. काही डॉक्टर पिल्लाला नीट धरून जागेपणी करतात, काही आयसोफ्लुरेन वायूची हलकी भूल देतात. भुलीआधी रॅटला उपाशी ठेवायचं नसतं, कारण रॅटला उलटी होतच नाही आणि उपासाने तो फार लवकर ढासळतो. कुत्र्या-मांजरांच्या सवयीने ‘रात्रीपासून काही देऊ नका’ असं कुणी सांगितलं तर पुन्हा विचारून घ्यावं. आम्हाला पहिल्या ठिकाणी तसंच सांगितलं होतं.

दात घासणं एकदाच करून भागत नाही. दोन-तीन आठवड्यांनी परत, जन्मभर. खर्च आणि धावपळ दोन्ही मोठं असतं. म्हणून काही डॉक्टर पटाशीचे दात मुळासकट काढायचा सल्ला देतात. रॅट त्यांच्याशिवाय नीट जगतो, कारण चावायचं काम दाढा करतात. रॅटच्या दाढा सशाच्या किंवा गिनीपिगच्या दाढांसारख्या सतत वाढत नाहीत, त्यामुळे ती बाजू तरी शांत असते. पण खालच्या दाताचं मूळ दाढांच्या खालून जबड्याच्या मागच्या टोकापर्यंत गेलेलं असतं. ते काढताना हाड मोडू शकतं, आणि वाढीचं टोक थोडं जरी राहिलं तरी दात परत येतो. अनुभवी हात आणि पूर्ण वाढलेला, वजन धरलेला रॅट असेल तरच ही शस्त्रक्रिया करावी असं माझं मत आहे. ३६ ग्रॅमच्या पिल्लासाठी ती नव्हेच.

गुंजीसाठी आम्ही दर दुसऱ्या मंगळवारी घासायचं ठरवलं. मधल्या दिवसांत खाणं असं हवं की ते धरून कुरतडावं लागू नये. रॅटचं तयार खाणं कोमट पाण्यात भिजवून कुस्करलेलं, नाचणीची पेज, तिखट-मीठ नसलेली मऊ मुगाची खिचडी, उकडलेल्या अंड्याचा चुरा, शिजवलेला भोपळा. वाटी उथळ. शेंगदाण्याचं लोणी नुसतं द्यायचं नाही. घशात चिकटलं तर ओकून टाकायची सोय या प्राण्याला नाही. पहिल्या घासणीच्या संध्याकाळी तिने नाचणी नाकापर्यंत माखून घेत खाल्ली. दुसऱ्या दिवशी ३७.८, तिसऱ्या दिवशी ३९.५.

अशक्त पिल्लाला जपून जपून एकटं ठेवायचा मोह होतो. त्याला बळी पडू नये. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात रॅटची पिल्लं कुस्ती खेळत खेळत रॅटसारखं वागायला शिकतात, आणि ते माणसाचा हात शिकवू शकत नाही. या प्राण्यांची एकमेकांत किती ओढ असते ते २०११ साली शिकागो विद्यापीठाच्या प्रयोगात दिसलं: नळकांड्यात कोंडलेल्या सोबत्याला रॅट दार उघडून सोडवत, आणि बाजूला ठेवलेलं चॉकलेट उरवून त्याच्याबरोबर खात. गुंजीला आम्ही एक शांत, वयाने थोडी मोठी मादी आणून दिली. हनुवटीखाली लाळेने चिकटलेले केस ती रोज चाटून साफ करायची. ते काम आमच्याकडून कधीच तितकं नीट झालं नव्हतं.

माळ्यावर सापडलेल्या रानटी पिल्लाला मात्र हे सगळं जसंच्या तसं लावू नये. रानटी उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो. पावसाळ्यात मुंबई-कोकणात त्याने माणसं दगावतात. पाळीव रॅटही पूर्ण निर्धोक नाहीत: चाव्यातून ताप येऊ शकतो, आणि २०१७ साली अमेरिकेत पाळीव रॅटमधून सोल विषाणूची लागण झाली होती. हात साबणाने धुणं, पिंजरा स्वयंपाकघरापासून लांब ठेवणं आणि रॅट असलेल्या घरात ताप आला तर डॉक्टरांना तसं सांगणं, एवढं तरी पाळावंच.

आणि थांबायचं कधी, हेही आधी बोलून ठेवावं लागतं. फाटलेली टाळू, न्यूमोनियाने आ वासून श्वास घेणारं पिल्लू, ऊब आणि दूध देऊनही सलग तीन दिवस घसरणारं वजन, अशा वेळी डॉक्टरांच्या हातून शांत मरण देणं हाही संगोपनाचाच भाग आहे असं मी मानते. आठांतल्या दोघांसाठी आम्ही ते केलं. दात नुसते वाकडे आहेत म्हणून मात्र पिल्लू टाकून देऊ नये. घासणीला नेणारा माणूस आणि घासणारा डॉक्टर असेल तर ते चांगलं आयुष्य जगतं.

गुंजी बावीस महिने जगली. सर्वात जास्त भरली तेव्हा २१४ ग्रॅम होती, तिच्या वयाच्या मादीसाठी लहानखुरीच. घासणीच्या दिवशी काट्यावरच्या वाटीत ती स्वतःच चढून बसायची, कारण त्यानंतर अंडं मिळायचं. शेवटी दात नव्हे, फुप्फुसं थकली. औषधांनी तीन आठवडे गेले, मग चालताना थांबून श्वास घ्यायला लागली. डॉक्टरांनी आधी वायूची भूल दिली, मग इंजेक्शन. निघण्याआधी घरी रोजच्या वेळेला तिला वाटीत ठेवलं होतं. वहीत शेवटची नोंद आहे, १६८ ग्रॅम. चौदा तोळे, पाच मासे.